तीन चष्मे

बाईंनी पर्स उघडली आणि टेबलावर एकामागून एक तीन चष्मे काढून ठेवले. तिन्ही गेल्या दीड वर्षातले. "यातल्या एकानेही वाचता येत नाही, डॉक्टर." मधला, तपकिरी काड्यांचा, मीच आठ महिन्यांपूर्वी लिहून दिला होता. पाव नंबर वाढवून दहा मिनिटांत त्यांना मोकळं केलं होतं.

वय ५८. आयुष्य हिशेब तपासण्यात गेलेलं. सोबत मुलगी होती. ती हळूच म्हणाली, "घरात सगळ्यांना वाटतं, आई उगाच करते." चष्मे लेन्सोमीटर या नंबर मोजायच्या यंत्राखाली धरले तर तिघांतला फरक नावापुरता. मोतीबिंदू नाही, डोळ्यांतला दाब बरोबर, पडदा स्वच्छ. तक्त्यावर अडखळत का होईना, ६/६, म्हणजे नजर पूर्ण. बहुतेक वेळा फाइल इथेच बंद होते. मागच्या वेळी मी केलीच होती.

या वेळी त्या वाचतात कशा, ते पाहत बसलो. बाकीची ओळ झाकून एकेक अक्षर दाखवलं की पटकन सांगायच्या. ओळ उघडी केली की पहिलं अक्षर, मग चौथं, मग वरच्या ओळीतलं कुठलं तरी. त्यात मोठी अक्षरं लहानांपेक्षा जास्त चुकत होती! धूसर दिसणाऱ्या माणसाचं नेमकं उलटं असतं. संमतीच्या कागदावर सहीसाठी पेन पुढे केलं, तर हात पेनाच्या चार बोटं अलीकडे टेकला.

मग रंगांधळेपणा तपासायची ठिपक्यांची पुस्तिका काढली. ठिपक्यांचे रंग विचारले, सगळे बरोबर. आकडा कोणता दिसतो? "आकडा कुठाय? नुसते ठिपके आहेत." पुढच्या पानावरही तेच, त्याच्या पुढच्याही. रंग पोचत होते, पण ठिपके जुळून आकडा होत नव्हता. ते जुळवायचं काम डोळ्याचं नसतंच, मेंदूचं असतं.

फील्ड टेस्टचा, म्हणजे नजर चहूबाजूंना कुठवर पोचते ते मोजणाऱ्या तपासणीचा, कागद आला आणि शंका फिटली. दोन्ही डोळ्यांत डावीकडचा खालचा कोपरा काळा. एकाच डोळ्यात असता तर पडदा किंवा नस तपासत बसलो असतो. पण दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी एकत्र येतात आणि निम्मे तंतू बाजू बदलतात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूचा भाग गेला, की बिघाड त्या चौकाच्या मागे असतो. आमच्या यंत्रांच्या हद्दीबाहेर.

कोऱ्या कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. वर्तुळ छान आलं, पण बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले गेले. हे न्यूरोलॉजिस्टचं काम, खरं तर. पण हाताशी कागद होता.

"विसरायला होतं का?" मी विचारलं.

"नाही हो. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, 'वयोमानाने होतं, काळजी करू नका.' तेव्हा निळा शर्ट होता तुमचा."

एमआरआयमध्ये मेंदूचा मागचा भाग आकसलेला दिसला. निदान झालं पोस्टिरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रॉफी. न्यूरोलॉजिस्ट फ्रँक बेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये याचं वर्णन केलं. बहुतेकदा मुळाशी अल्झायमरच असतो, फक्त तो स्मृतीऐवजी दृष्टीच्या केंद्रांपासून सुरू होतो आणि पन्नाशी-साठीतच गाठतो. म्हणून ही माणसं आधी चष्म्याच्या दुकानात जातात, मग आमच्याकडे, आणि न्यूरोलॉजिस्टपर्यंत पोचायला कधी कधी वर्षं जातात. बाईंच्या त्या वर्षांतले आठ महिने माझ्या नावावर आहेत.

हल्ली पेशंट विचारतात, "डोळ्यांच्या स्कॅनमध्ये डिमेन्शिया आधीच कळतो म्हणे?" डिमेन्शिया म्हणजे अल्झायमरसारख्या आजारांत बुद्धी आणि स्मृती ढासळत जाणं. तो स्कॅनमध्ये आधी कळत नाही, अजून तरी नाही. अल्झायमरच्या रुग्णांत पडद्यावरचा नसांचा थर सरासरीने पातळ सापडतो, पण काचबिंदूतही तो पातळ होतो. एका माणसाचा एक स्कॅन पाहून भाकीत करता येत नाही. बाईंच्या ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये, तर वेगळं काही दिसलंच नव्हतं. मला अधिक विचारात पाडणारा अभ्यास २०२४ मध्ये इंग्लंडच्या नॉरफोकमधून आला. ८,६२३ निरोगी लोकांना संगणकाच्या पडद्यावर हलत्या ठिपक्यांत त्रिकोण दिसताच बटण दाबायला सांगितलं होतं. ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला, त्यांना तो ओळखायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला होता, आणि हा फरक निदानाच्या कितीतरी वर्षं आधीचा होता. वाचताना ती पुस्तिका आणि "नुसते ठिपके आहेत" आठवत राहिलं.

त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत उपचार न केलेल्या अधू दृष्टीची भर घातली. ती गोष्ट वेगळी. तिथे मोतीबिंदू काढणं, नंबर बरोबर देणं, एवढं आमच्या हातात आहे. बाईंच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

निदानानंतर त्या पुन्हा आल्या. काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून मी त्यांना दिली. ती पानावर सरकवत त्यांनी चार ओळी सलग वाचल्या, बोट ठेवून, सावकाश. मग पर्समधून तिन्ही चष्मे निघाले. "यातला कुठला ठेवू?"

"कुठलाही. नंबर सारखाच आहे."

त्यांनी माझा तपकिरी बाजूला सारला आणि लाल काड्यांचा उचलला. "हा टेबलावर सापडतो तरी."