सुटलं का तुमचं समीकरण?

मी आंशिक अवकल समीकरणांवर (म्हणजे जागेनुसार आणि वेळेनुसार होणारे बदल मांडणाऱ्या समीकरणांवर) काम करतो हे कळले, की लग्नकार्यात भेटलेले नातलग हमखास विचारतात, "मग सुटलं का तुमचं समीकरण?" प्रश्न आपुलकीचा असतो, पण त्यामागे शाळेतले गणित असते: क्ष काढला, खाली दोन रेघा मारल्या, झाले. आमच्याकडे अज्ञात असते ते संख्या नव्हे, तर अख्खे फल (फंक्शन), म्हणजे उदाहरणार्थ वाहत्या पाण्याचा प्रत्येक बिंदूपाशी प्रत्येक क्षणी असलेला वेग; आणि ते बहुधा सूत्रात लिहिताच येत नाही. म्हणून उत्तर आहे का, आणि असल्यास एकच आहे का, हे सिद्ध करण्यातच आमची वर्षे जातात.

अशा वेळी मी रशियन गणितज्ञ ओल्गा लादिझेन्स्काया यांच्याविषयी सांगतो. त्यांचा जन्म १९२२ साली रशियातल्या कोलोग्रिव या लहानशा गावी झाला. गणित शिकवणाऱ्या वडिलांना १९३७ मध्ये अटक करून ठार मारण्यात आले आणि 'जनतेच्या शत्रू'ची मुलगी म्हणून त्यांना लेनिनग्राड विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही. १९४३ मध्ये त्या मॉस्को विद्यापीठात पोहोचल्या. पुढे लेनिनग्राडलाच राहून त्यांनी चिकट द्रव कसे वाहतात हे सांगणाऱ्या नाविए-स्टोक्स समीकरणांचा ध्यास घेतला. भिंतींनी बंदिस्त अशा द्विमितीय प्रवाहासाठी उत्तर सर्वकाळ टिकते आणि ते एकमेव असते, हे त्यांनी १९५०च्या दशकाअखेरीस सिद्ध केले. किल्ली होती एक आटोपशीर गणिती असमानता, जी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यात वेगाच्या चढउताराचा घातांक द्विमितीत अर्धा असतो, त्रिमितीत तो पाऊण होतो, आणि त्या वाढलेल्या पावापुढे हाती असलेला चिकटपणाचा आधार तोकडा पडतो. (एवढ्याशा पावाने किती जणांची झोप उडवली असेल!)

त्रिमितीतही उत्तर सर्वकाळ टिकते का, हा प्रश्न सोडवणाऱ्यासाठी अमेरिकेतल्या क्ले गणित संस्थेने २००० साली दहा लाख डॉलर जाहीर केले. लादिझेन्स्काया २००४ मध्ये गेल्या तेव्हाही तो सुटलेला नव्हता. त्यांनी मात्र १९६०च्या दशकातच समीकरणावरच संशय घेतला होता: वेगातला फरक तीव्र होताच चिकटपणाही वाढेल अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली आणि त्या सुधारित समीकरणाचे उत्तर त्रिमितीतही एकमेव असते, हे दाखवले.

"म्हणजे पेपरातला प्रश्नच बदलला की!" एकदा हे ऐकून माझे मामा म्हणाले. मूळ प्रश्न तसाच उरला, हे त्यांना मी न सांगता उमगले होते.