आप्टेमास्तर आणि आत्याचं लग्न

रविवार, रात्रीचे पावणेबारा

झोप येईना म्हणून लिहायलेय. दिवसभर माहेरी परभणीला होते, दिवाळीच्या आधीची साफसफाई, आई खाली उभी राहून ऑर्डर सोडणार अन् मी माळ्यावर. गेल्या खेपेला याच माळ्यावर पितळी घंगाळाच्या मागं एका गोणीत कॅसेटी सापडल्या होत्या. गाण्याच्या नाही, त्या मोठ्या, व्हीसीआरच्या, जाड पुस्तकाएवढ्या. चार होत्या, तीन पार गेलेल्या. चौथीवर काकाच्या अक्षरात लिहिलेलं, 'सुमन विवाह'. अन् त्या स्टिकरच्या खाली, अर्धवट खरवडलेलं, लाल निळं काहीतरी. मला त्या लाल निळ्याचा तुकडा बघूनच पोटात गोळा आला.

कारण ती माझी कॅसेट आहे. म्हणजे आमची, माझी अन् दादाची.

आमच्या गल्लीतले एकजण तेव्हा सौदीला होते, सुट्टीवर येताना त्यांनी ती आणलेली, ट्रान्सफॉर्मर्सची. ट्रकचा माणूस होणार, विमानाचा माणूस होणार, असलं कार्टून. आमच्याकडं व्हीसीआर नव्हताच, तो भाड्यानं यायचा, टीव्हीसकट, एका रात्रीचा. मोठ्यांचे तीन पिक्चर झाले की पहाटे पहाटे आमचा नंबर, तोवर निम्मी पोरं झोपलेली. सगळं इंग्रजी, कुणाला ओ की ठो कळायचं नाही, मग दादा मनानंच डायलॉग सांगायचा. त्यातला मेन लाल ट्रक, ऑप्टिमस प्राइम, त्याचं दादानं पहिल्याच रात्री 'आप्टेमास्तर' केलं अन् व्हिलन मेगाट्रॉनचा 'मेघातात्या'. आम्हाला ते तसंच पाठ झालं. मला तर लई दिवस वाटायचं की जपानमधे आप्टे आडनावाचे लोक असतात.

जपानचं खरंच होतं त्यात बरंचसं. नंतर मोठेपणी वाचलं की हे रोबो आधी खेळणी होते, ताकारा म्हणून जपानी कंपनीचे, दोन वेगवेगळ्या मालिकांमधले. हॅस्ब्रो म्हणून अमेरिकेतली खेळण्यांची कंपनी, तिनं ते तिकडं नेले, मार्व्हल कॉमिक्सच्या लोकांकडून नावं अन् गोष्ट लिहून घेतली अन् 17 सप्टेंबर 1984 ला पहिला भाग लावला. म्हणजे ती सगळी मारामारी म्हणजे अर्ध्या अर्ध्या तासाची जाहिरातच होती, आमच्यासारख्यांना ते खेळणं जन्मात मिळणार नव्हतं तो भाग वेगळा. चित्रं बरीचशी जपानच्या तोएई नावाच्या कार्टून स्टुडिओत काढलेली, घाईघाईत, कधी कधी एखाद्याचा रंगच चुकलेला असायचा. पण आवाज! पीटर कलन म्हणून जो माणूस आप्टेमास्तरांचा आवाज द्यायचा त्यानं तो आपल्या मोठ्या भावावरून उचलला होता, भाऊ सैन्यात होता, व्हिएतनामहून आलेला. हीरो व्हायचं तर ओरडू नको, ताकद असेल तर मऊ बोलता आलं पाहिजे, असं काहीतरी त्यानं सांगितलं होतं म्हणे. आम्हाला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं तरी हा माणूस चांगला आहे हे आवाजावरूनच कळायचं, ते यामुळं असणार. (आमचे खरे मास्तर मऊ बोलायचे नाहीत, जाऊ दे.)

तर त्यात एक धरण आहे. मेघातात्याची टोळी धरणावर येते, तिथली वीज चोरून चौकोनी चौकोनी ठोकळ्यात भरते. आमची सहल येलदरीला गेलेली, जिंतूरकडं, पूर्णा नदीवर, तिथं विजेचं पॉवरहाऊस पण आहे. झालं, दादानं जाहीर केलं की हे येलदरीच आहे. तेव्हापासून घरात लाइट गेली की आम्ही म्हणायचो, आला मेघातात्या येलदरीवर. आई कंदील पुसायली अन् आम्ही दोघं अंगणात खुश. एमएसईबीला अख्खं गाव शिव्या द्यायचं, आमचा मात्र राग नव्हता, आमच्याकडं कारण होतं.

त्याच धरणाच्या भिंतीवर दोघांची मारामारी होते. आप्टेमास्तरांच्या हाताच्या जागी नारिंगी चमकती कुऱ्हाड येते, मेघातात्याच्या हाताला साखळीचा काटेरी गोळा. अन् कुऱ्हाड उगारली न् लाइट गेली. अगदी तेव्हाच. सकाळी व्हीसीआर परत द्यायचा होता, कॅसेट तशीच काढून कपाटात.

पुढच्या उन्हाळ्यात सुमनआत्याचं लग्न निघालं. शूटिंगवाला म्हणला कोरी कॅसेट तुमची द्या, पैसे कमी लावतो. काकानं कपाट उघडलं. विकत घेतलेल्या कॅसेटीच्या पाठीला एक बारीक प्लास्टिकची पट्टी नसते, तिथं खड्डा असतो, म्हणजे तिच्यावर नवीन काही भरता येत नाही. शूटिंगवाल्यानं त्या खड्ड्यावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला, बास. तो तुकडा अजून आहे. पिवळा पडलाय, एक कोपरा उचललाय, त्याच्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा दिसतो, हळदीच्या दिवशीचा असेल तर नवल नाही.

मला हे कळलं लग्नानंतर दोन महिन्यानं, सगळे मिळून लग्न बघायला बसले तेव्हा. काकानं कॅसेट सुरुवातीला नेली, आधी आमचं कार्टून आलं, मोठे हसले, पळवा पळवा, अन् धरण आलं, कुऱ्हाड आली, अन् पुढं एकदम पिपाणी. मांडव. आत्या पिवळ्या साडीत. मी जी रडले ती म्हणे जेवायला पण उठले नाही, अन् सगळ्यांना वाटलं पोरगी आत्या सासरी गेली म्हणून रडायली. आत्या अजून सांगते हे कौतुकानं. मी कधी खरं सांगितलं नाही.

मग पुढचं आम्हीच रचलं. दादाच्या गोष्टीत मेघातात्या येलदरीच्या पाण्यात बुडला, पाणबुडे आले, परभणीच्या मोंढ्यातला कापसाचा ट्रक पण आप्टेमास्तरांच्या पार्टीत होता. वर्षानुवर्षं चाललं ते. कॉलेजला असताना हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी सगळे भाग आणले, तोवर अमेरिकेत डीव्हीडीचे संच निघाले होते, एकूण 98 भाग. मी फक्त सुरुवातीची तीन भागांची गोष्ट बघितली, ते पण उभ्या उभ्या, तिसऱ्याच्या शेवटी त्या टोळीचं यान समुद्रात जातं. पाण्यातच गेला शेवटी, एवढं तर दादाचं बरोबर निघालं. 1986 च्या सिनेमात मास्तरांना मारून टाकलं, जुनी खेळणी बंद करून नवी विकायची होती म्हणून, पोरं थेटरात रडली, मग पुढच्या वर्षी परत जिवंत केलं. ते काही मी बघणार नाही.

ती कॅसेट मी मागच्याच महिन्यात स्टेशनरोडच्या एका स्टुडिओत दिली होती. आता व्हीसीआर बनवणारं कुणी राहिलं नाही, जपानमधल्या शेवटच्या कंपनीनं पण 2016 ला बंद केलं, त्यामुळं चालू मशीन ज्याच्याकडं आहे तोच राजा. त्यानं झाकण उचलून फीत बघितली, कडेला पांढरी बुरशी, म्हणला, "दीदी, फंगस आगया इसको, साफ करना पडेंगा, टाइम लगेंगा." लागला टाइम. काल पेनड्राइव्ह मिळाला.

आज दुपारी लावलं. आई, काका, माझा पोरगा अन् आत्या, ती मुद्दाम सेलूहून आली. पोरगा पाच मिनिटात, "मम्मी, हे कित्ती स्लो आहेत." बरं बाबा. मग धरण. कुऱ्हाड. अन् तो जोड. मी तो लहानपणी नीट बघितलाच नव्हता, रडायले होते ना. दोन तीन सेकंद दोन्ही चित्रं एकातएक जातात, इंद्रधनुष्यासारखे पट्टे हलतात, त्या पट्ट्यांमधे निळं आभाळ अन् मांडवाचं लाल कापड, अन् मग आजोबा. शूटिंगवाल्याचा मोठा फोकस थेट त्यांच्या तोंडावर, अन् ते हात आडवा धरून म्हणतात, "आरं ते लाइट डोळ्यावर कामून मारायलास." एवढंच. आजोबांचा आवाज दुसऱ्या कशावरच नाही. फोटो आहेत, आवाज नाही.

आत्यानं तोंडाला पदर लावला. काका म्हणले, पुन्हा लाव. मी पुन्हा लावलं, पुन्हा, प्रत्येक वेळी थोडं जास्तच मागं जायचं न् आधी धरण यायचं. आठव्या नवव्या वेळी डोक्यात आलं, की त्या दिवशी कॅसेट रिवाइंड करून ठेवायचं काम माझं होतं. लाइट गेली म्हणून ते राहिलं ते राहिलंच, नंतर व्हीसीआर कधी येणार न् कधी करणार. केली असती तर शूटिंगवाल्यानं पहिल्यापासून भरलं असतं अन् कार्टूनचा टिपूस राहिला नसता. तीस वर्षं काकाशी मनातल्या मनात भांडत होते मी, अन् काकाला तर ठावं पण नाही. दादाला व्हॉट्सअॅपवर जोडाचा तुकडा पाठवला, त्याचा रिप्लाय आला, 'येलदरी', पुढं कुऱ्हाड.

जेवताना आत्या म्हणली, "सारखं सारखं ते मधे कुऱ्हाडवालं कोण येतंय गं?"

म्हणलं, आप्टेमास्तर.

"हां," ती म्हणली, "तुमच्या शाळेतले का?"

म्हणलं, हो.