होडीचं काम: गॅसची पेटी, फ्यूज आणि खिंडसीवरची आगीची तालीम

माझ्या शिडाच्या होडीच्या मास्टचं (डोलकाठीचं) काम बाजूला ठेवलं आणि अख्खा उन्हाळा तिला आगीपासून वाचवण्याच्या तयारीत घालवला. पावसाळा सरला की होडी ट्रेलरवर घालून समृद्धीने कोकणात न्यायची आहे. तिथे पहिल्यांदाच तिच्यात रात्री झोपणार, स्वयंपाक करणार. रामटेकला खिंडसी तलावात काही पेटलंच तर काठ पोहण्याच्या टप्प्यात असतो. मालवणसमोर दोन मैल आत असताना बंब येत नाही.

स्वयंपाकाला ५ किलोचा छोटू गॅस सिलिंडर ठरला. स्पिरिटच्या शेगडीचा आग्रह धरणारे आपल्या होडीवाल्यांत बरेच आहेत, पण तिची ज्योत उन्हात धड दिसत नाही आणि सांडलेलं स्पिरिट होडीच्या झोक्याबरोबर पेटतं वाहत जातं. मला ते झेपत नाही. एलपीजीची खोड वेगळी. तो हवेहून दीड ते दोन पट जड. घरात गळला तर दाराखालून, मोरीतून निघून जायला वाट असते. होडीला खाली वाटच नाही, गॅस बिल्जमध्ये, म्हणजे फळ्यांखालच्या तळाच्या पोकळीत, जाऊन बसतो. हवेत त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते, आणि ती द्यायला बिल्ज पंपाचा स्विच तिथेच असतो. वासावर विसंबायचं म्हणाल, तर आपलं नाक बर्थच्या (झोपायच्या बाकाच्या) उंचीवर आणि गॅस फळ्यांच्या खाली.

म्हणून सिलिंडर केबिनमध्ये नाहीच. कॉकपिटच्या (होडी चालवणारा बसतो त्या उघड्या जागेच्या) मागच्या टोकाला प्लायची स्वतंत्र पेटी केली, फक्त वरून उघडणारी, आतून इपॉक्सीचे हात दिलेली. तळातून पाऊण इंची नळी थेट ट्रान्समबाहेर (होडीच्या मागच्या सपाट भिंतीबाहेर), पाण्याच्या रेषेच्या बरीच वर. पेटी खरंच बंद आहे का ते पाण्याने तपासलं. नळीला बूच मारलं, पेटी काठोकाठ भरली आणि रात्रभर ठेवली. सकाळी केबिनच्या बाजूने टॉर्च मारून पाहिलं तर गॅसची नळी जिथून आत येते त्या ग्लँडखाली (नळीभोवतीच्या घट्ट बुचाखाली) प्लायवर बोटभर ओल. पाणी पाझरतं त्या फटीतून गॅस तर हसत हसत जाईल. ग्लँड काढून सीलंट भरून पुन्हा बसवला, पुन्हा रात्रभर पाणी. या वेळी कोरडं. मग बूच काढलं आणि सगळं पाणी मागून भसाभसा निघून गेलं. ज्यांच्याकडे अशी पेटी आहे त्यांनी हे एकदा कराच. सांध्यांना साबणाचं पाणी तर आपण सगळे लावतोच.

शेडमधली एक गोष्ट. टिलर (सुकाणूचा दांडा) आणि काठाच्या पट्ट्या सीपी, म्हणजे जुन्या मध्य प्रांताकडच्या, सागाच्या, त्यांना जवसाचं तेल. हे तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. बोळा करून कोपऱ्यात फेकलेल्या चिंधीत ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेटू शकते, त्यात आपला मे महिना ४५ अंशांचा. चिंध्या दोरीवर मोकळ्या पसरायच्या, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवायच्या. चटणीतला जवस इतका तापट असेल हे आईला अजून पटलेलं नाही.

विजेचं थोडक्यात: मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून एका वितेच्या आत. फ्यूज दिव्यांसाठी नसतो, वायरीसाठी असतो, आणि फ्यूजच्या अलीकडची वायर उघड्यावर पडलेली असते. सगळे दिवे, पंप, चार्जर एकदम चालू करून पंधरा मिनिटांनी प्रत्येक सांध्याला बोट लावलं. एक गरम लागला, तो कापून नव्याने क्रिंप केला (दाबून जोडला).

आता विझवण्याकडे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आपल्या नागपुरात आहे, देशभरचे अधिकारी इथे शिकून जातात, आणि आपल्यापैकी किती जणांनी एक्स्टिंग्विशरची पिन एकदा तरी ओढली असेल? अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या कॉलनीतल्या काकांना हिंगण्याच्या मोकळ्या प्लॉटवर नेलं. पत्र्याच्या ट्रेमध्ये थोडं डिझेल पेटवलं आणि मुदत संपत आलेला २ किलोचा एबीसी पावडरचा एक्स्टिंग्विशर माझ्या हातात दिला. मी सुरू करतोय तोच काका ओरडले, "काऊन रे, ज्वाळेवर काय मारून राहिला? बुडावर मार, बुडावर!" आग विझली, पण दहाएक सेकंदांत सिलिंडर रिकामा. पावडरचा पिवळट ढग इतका दाट की ट्रे दिसेना, घसा खवखवला. हाच ढग केबिनमध्ये झाला तर माणूस आधी बाहेर पाहिजे. त्यामुळे एक एक्स्टिंग्विशर कॉकपिटमधून हात घालून निघेल असा दारालगत, दुसरा पुढच्या बर्थपाशी. शेगडीमागे एकही नाही. फायर ब्लँकेटही (आगीवर टाकायची चादर) शेगडीच्या बाजूला, वर नाही. पावडर तळाशी बसून घट्ट होते, म्हणून महिन्याला उलटा करून हलवायचा.

पुढचा हॅच (छतातलं झाकणाचं दार) ठेवावा की नाही यावर माझा निर्णय कॉन्सेप्शनमुळे झाला. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ही डायव्हिंगची बोट जळाली, ३४ माणसं गेली. खाली झोपलेल्यांना वाटा दोन होत्या, पण दोन्ही वर एकाच पेटलेल्या खोलीत उघडत होत्या, आणि रात्री फिरता पहारा नव्हता. माझा हॅच सरळ डेकवर उघडतो. सावजीचा रस्सा न सोडणाऱ्या आमच्या मित्राला त्यातून काढून पाहिला. खांदे तिरके केल्यावर निघाला. चौकट एक इंच वाढवतोय.

खिंडसीवर तालीमही केली. मागे आग समजून होडीचं नाक वाऱ्याकडे, शिटा (शिडं आवळणारे दोर) सोडून. पुढे आग समजून पाठ वाऱ्याला. धूर आणि ज्वाळा माणसांपासून दूर गेल्या पाहिजेत, एवढंच डोक्यात ठेवायचं. एकाने सिलिंडरचा नॉब आणि बॅटरीचा स्विच बंद करायचा, बाकीच्यांनी आधी लाइफ जॅकेट. पेट्रोलची टाकी भरायची तर होडीतून उतरवून, जमिनीवर ठेवून.

गॅस डिटेक्टर अजून बसवलेला नाही. सेन्सर खाली हवा, आणि खालीच पाणी साचतं. तुमच्यापैकी ज्यांनी बसवलाय त्यांनी तळापासून किती उंचीवर ठेवला आणि पाण्याने तो किती दिवस टिकला, ते सांगा.