ग्रिप हातात बसेपर्यंत

गेल्या वर्षी जूनमध्ये मी माझं पहिलं स्वतःचं एअर पिस्तूल घेतलं. वापरलेलं, पण जपून ठेवलेलं. कोल्हापुरात मी ज्या शूटिंग रेंजवर जाते तिथले एक सिनियर नवीन घेणार होते, त्यांचं जुनं मला मिळालं. त्याआधीची दोन वर्षं क्लबच्या पिस्तुलांवर गेली. रोज हातात येईल ती ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ, चालवून घ्यायची. त्यामुळे स्वतःचं आलं की स्कोअर वाढणार, असं मी धरूनच चालले होते. झालं उलटंच. दहा शॉटच्या सिरीजला शंभरपैकी ८७-८८ करणारी मी महिन्याभरात ८३ वर आले. शिवाय अंगठ्याच्या मुळाशी असं दुखायला लागलं की संध्याकाळी भाजी चिरताना सुरी दुसऱ्या हातात घ्यावी लागायची.

रेंजवर शिकवणाऱ्या सरांनी माझं टार्गेट बघितलंच नाही. म्हणाले, "पेलेट (छर्रा) घालू नकोस. डोळे मीट, नेहमीसारखं पिस्तूल उचल, खाली आण, थांब. आता उघड." नेम धरताना नळीच्या टोकावरची पुढची साईट मागच्या साईटच्या खाचेत बरोबर मध्ये दिसायला हवी. डोळे उघडले तर ती खाचेच्या उजव्या कडेला चिकटलेली. दहा वेळा करायला लावलं, त्यात आठ वेळा तेच. "म्हणजे प्रत्येक शॉटला तू मनगट वळवून ती मध्ये आणतेस," सर म्हणाले. "मॅचमध्ये साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं. मनगट कुठवर ऐकेल?"

ही चूक किती महागात पडते ते मी घरी कागदावर मांडलं. माझ्या पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये साधारण ३२ सेंटिमीटर अंतर आहे. टार्गेट १० मीटरवर. पुढची साईट खाचेत एक मिलिमीटर सरकली तर पेलेट ३१ मिलिमीटर सरकणार. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, त्यापुढच्या प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या आठ-आठ मिलिमीटरने वाढत जाते. म्हणजे एका मिलिमीटरपायी दहाचा सात! हात थोडा हलला तर एवढं बिघडत नाही. पिस्तूल हातात वळलं की मात्र काही खरं नाही. हा हिशोब मांडल्यावर मला ग्रिपचं महत्त्व पटलं, तोवर मी तिला नुसता लाकडाचा तुकडा समजत होते.

कारण सरळ होतं. ग्रिप मीडियम, माझा हात लहान. ट्रिगरवर बोटाचं पेर पोचत नव्हतं, म्हणून मी नकळत पूर्ण हात ग्रिपच्या उजव्या अंगाने पुढे सरकवत होते. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली बेचकी पिस्तुलाच्या बरोबर मागे असायला हवी, ती माझी उजवीकडे बसायची आणि नळी उजवीकडे तोंड करायची. लहान मापाची नवी ग्रिप मागवायची तर खर्च माझ्या आवाक्याबाहेरचा. सर म्हणाले, आहे तीच घडव.

लाकडाला हात लावायच्या आधी त्यांनी मला आंतरराष्ट्रीय नियम वाचायला लावले. एअर पिस्तूल सगळं मिळून १५०० ग्रॅमच्या आत हवं, ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागला पाहिजे, आणि पूर्ण पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. तळहाताखाली जी फळी असते, जिला आम्ही पाम शेल्फ म्हणतो, तिचा ग्रिपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही आणि तिची कड वर वळलेली चालत नाही. अंगठा वर उचलायला मोकळा हवा. ग्रिपने हाताला वेढायचं नाही. या नियमांमागचा विचार मला आवडतो: पिस्तूल माणसाने धरायचं, ग्रिपने माणसाला नाही. (आमच्या गावात पिस्तूल म्हटलं की राही सरनोबतचं नाव निघतं. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये तिने सुवर्ण जिंकलं ते २५ मीटरचं. तिथे काडतूस, झटका, वेगळी पेटी, १००० ग्रॅमचा ट्रिगर. ग्रिपचं गणितही वेगळं.)

मग मी ग्रिप घेऊन गल्लीच्या टोकाच्या सुतारकाकांकडे गेले. खुरपी, विळे, कुऱ्हाडी यांना मुठी बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांनी ग्रिप बाजूला ठेवली आणि आधी माझा हात मागितला.

"घट्टा कुठं पडलाय, दाव."

अंगठ्याच्या मुळाशी आणि मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर होता.

"घट्टा पडतोय तितं लाकूड जादा हाय. हात सरकतोय तितं कमी हाय. पटाशी लावू नगंस पोरी, कानशीनं जा."

त्यांनी स्वतः काहीच केलं नाही. एक अर्धगोल कानस आणि एक उंदराच्या शेपटीएवढी गोल कानस हातात दिली. ते म्हणाले, हात तुझा आहे, दुखलेलं तुला कळणार.

काम असं चालायचं. आधी हवेचा सिलिंडर काढायचा, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करायची, मग खालचा लांब स्क्रू सोडवून ग्रिप वेगळी करायची, म्हणजे लाकडाची भुकटी यंत्रात जात नाही. तळहाताला टाल्कम पावडर चोळून, ग्रिप मॅचमध्ये धरते तशी धरायची आणि सोडायची. अक्रोडाच्या गडद लाकडावर जिथे दाब जास्त तिथे पांढरा ठसा उठतो. तेवढ्याच ठशावर कानशीचे वीस हात मारायचे. पुन्हा पावडर, पुन्हा ठसा. तोंडाला मास्क हवाच, अक्रोडाची भुकटी नाकात गेली की शिंका थांबत नाहीत. ती भुकटी मी चहाच्या रिकाम्या डब्यात साठवत गेले. सरांनी सांगितलं होतं, कामाला येईल.

पहिलं लाकूड तळहाताच्या बाजूने, मागच्या अंगाला काढलं. तिथे हात आत बसला तसं बोट ट्रिगरवर पोचायला लागलं आणि बेचकी मागे सरकली. दुसरं तर्जनीच्या बाजूला. तिथे माझं बोट लाकडाला घासायचं, त्यामुळे ट्रिगर ओढताना पिस्तुलाला डावीकडे बारीक ढकल बसायची. आता तिथून कागदाचं पान सहज सरकतं. तीन आठवड्यांत मिटल्या डोळ्यांनी उचललेली साईट दहापैकी सहा वेळा मध्ये यायला लागली.

आणि मग एका रविवारी मी घाई केली. घरात कोणी नव्हतं, दुपार मोकळी होती, ठसे न घेता अंदाजाने तासभर घासत बसले. सोमवारी रेंजवर साईट खाचेच्या डाव्या कडेला! मला रडू आलं. सर शांतपणे म्हणाले, "एमसील आण."

नळ गळायला लागला की घरोघरी लावतात तेच. हातमोजे घालून दोन्ही भाग एकरंगी होईपर्यंत मळले, त्यात डब्यातली भुकटी मिसळली. नुसतं एमसील घाम शोषत नाही, आमच्या पावसाळ्यात हात त्यावर घसरतो. भुकटीने ते थोडं लाकडासारखं होतं. मागच्या उजव्या अंगाला थर दिला, वरून स्वयंपाकघरातला पातळ प्लास्टिकचा कागद लावला आणि मूठ आवळून धरली. दुसऱ्या दिवशी कडक झालेला ठसा बघून इतकी खूश झाले! बोटाची प्रत्येक वळी त्यात उठली होती.

त्या ग्रिपवर मी चार दिवस नेम धरला आणि चारही दिवस हात थरथरला. बऱ्याच उशिरा लक्षात आलं. मी ओला थर आवळून धरला होता, म्हणून ती ग्रिप फक्त आवळलेल्या हातालाच बसत होती. हात जरा सैल सोडला की सगळीकडे पोकळी. प्रत्येक शॉटला ती मला पुन्हा आवळायला लावत होती. शिवाय ठसा घेतला तेव्हा हात सकाळचा, गार होता. वीस मिनिटं सरावानंतर हात भरतो, तेव्हा तीच वळी टोचायला लागायची.

सगळा थर कानशीने काढला. दुसऱ्या वेळी आधी वीस मिनिटं ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे पेलेट न घालता सराव केला, मग थर दिला. भिंतीसमोर उभी राहिले, पिस्तूल डोळ्यांसमोर आणलं. मधलं आणि अनामिका, या दोन बोटांनी सरळ मागे जेवढा दाब मॅचमध्ये देते तेवढाच दिला. करंगळी आणि अंगठा नुसते टेकवले. या वेळी ठसा अस्पष्ट उठला, वळ्या वगैरे काही नाहीत, एक उथळ खळगा फक्त. बोट फिरवलं तर काही कळणार नाही. पण डोळे मिटून उचललं, उघडले, साईट मध्ये. पुन्हा उचललं, मध्ये. अकराव्या वेळी मी मोजणं सोडलं.

पाम शेल्फचं काम सोपं वाटत होतं, कारण ती स्क्रूवर वरखाली होते. माझा हात लहान असल्याने ती वर घेतली आणि तिच्या बाहेरच्या कडेला एमसील लावून थोडी रुंद केली, टेकायला बरं वाटायचं. पहिल्या मोठ्या स्पर्धेला इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या टेबलावर पिस्तूल गेलं. वजन ठीक. नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवलं, पहिल्याच प्रयत्नात उचललं. मग पेटी. पिस्तूल शेल्फच्या कडेला अडलं. रुंदी ५० मिलिमीटरच्या वर गेली होती. मी नियम पाठ केले होते, पण थर लावल्यावर पट्टी लावून मोजलंच नव्हतं.

तपासणाऱ्या बाईंनी आवाज न चढवता सांगितलं, "वेळ आहे तुम्हाला. घासून आणा." रेंजबाहेर झाडाखाली बसून पॉलिश पेपरने ती कड घासली. दुसऱ्या खेपेला पिस्तूल पेटीत बसलं. तळाला टेकल्याचा तो ठक आवाज मला अजून ऐकू येतो. त्या दिवशी साठ शॉटचे ५३४ झाले, दर सिरीजला सरासरी ८९. माझ्यासाठी सगळ्यात मोठा आकडा. अंगठाही दुखला नाही.

शेल्फ मी त्यानंतर अर्धा मिलिमीटर खाली सोडली. हात आत जाताना खालून जरा जागा राहते, बाहेर येताना अडत नाही. नव्या मुलींना ग्रिप हाताला घट्ट बसली की बरं वाटतं, मलाही वाटायचं. त्यांना मी माझी धरून बघायला देते. तपकिरी अक्रोडावर राखाडी ठिगळं, जवळून अजिबात देखणी नाही. त्यांच्या हाताला ती बसत नाही, आणि कुठे बसत नाही ते त्यांचं त्यांना बोटाने दाखवता येतं.

करंगळीखाली एक कोपरा अजून टोचतो. तिथे पावडरचा ठसा दर वेळी उठतो. पण आत्ता पाऊस आहे, लाकूड फुगलेलं असतं, आणि फुगलेल्या लाकडावर काढलेलं माप थंडीत सैल होतं. कानस काकांना परत करायला गेले होते, त्यांनी घेतली नाही. दिवाळीनंतर लागेल म्हणाले.