सरांच्या पुरस्काराचा अर्ज आणि एका पत्रापायी झालेला मनस्ताप

आमच्या फुटबॉलच्या सरांचा राज्य शासनाच्या उत्कृष्ट क्रीडा मार्गदर्शक पुरस्कारासाठीचा अर्ज एकदाचा जमा झाला. शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कारांमध्ये कोच लोकांसाठी असतो तो. माझा राग अजून उतरलेला नाही म्हणून लिहितोय, पुढच्या वर्षी कुणी आपल्या सरांसाठी धावपळ करणार असेल तर उपयोग होईल.

ऑनलाइन भरायचं, फोटो, आधार, कोचिंग लायसन्सची झेरॉक्स हे सगळं पटापट झालं. गाडी अडली ती सरांनी कुठून कुठपर्यंत कोचिंग केलं त्याच्या पुराव्यापाशी. आता कोल्हापुरात फुटबॉल कसा चालतो हे इथल्या माणसाला सांगायला नको, पेठेपेठेत तालमीची टीम, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अर्धं गाव तिथं, पण त्या पोरांना रोज संध्याकाळी शिट्टी घेऊन पळवणाऱ्या माणसाला नेमणुकीचं पत्र कोण देतंय? सर म्हणाले, "अरे, मी कुठं पगार घेतलाय, कागद कुठनं येणार?"

मग ज्या संस्थेच्या मैदानावर सरांनी इतकी वर्षं पोरं घडवली तिथं पत्र मागायला गेलो. नाव घेत नाही. क्लार्क म्हणाले नेमणुकीचा आदेश आणा, मग पत्र देऊ. अहो, आदेश असता तर तुमच्याकडं कशाला आलो असतो! साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, शिक्का ज्याच्याकडं तो आज आला नाही, फाईल वर गेलीय, फाईल खाली आलीय, असं करत करत शेवटी पत्र हातात पडलं तर त्यात "मागील अनेक वर्षे" एवढंच. साल नाही, तारीख नाही. सालाशिवाय ते पत्र काय कामाचं? परत गेलो तर म्हणे रेकॉर्ड सापडत नाही, आम्ही अंदाजे साल कसं लिहिणार. ज्या माणसाच्या पोरांनी जिंकलेले कप त्याच ऑफिसच्या कपाटात ठेवलेत त्याच्याबद्दल हे बोलणं! मला तिथंच भांडावंसं वाटलं, सरांनी हात धरला म्हणून गप्प बसलो.

हो, एक राहिलं, पेपरमधली कात्रणं लावणार असाल तर पेपरचं नाव आणि तारीख दिसेल असं अख्खं पान जपून ठेवा, नुसता बातमीचा तुकडा कापला की त्याची किंमत जाते.

सुटका झाली ती आमच्या एका जुन्या गोलकीपरमुळं. तो म्हणाला मॅचच्या आधी टीमची यादी देतात ना, खाली कोचची सही असते. खरंच की! ओळखीच्या एका माणसानं जुन्या स्पर्धांच्या याद्या बांधून ठेवल्या होत्या, त्यात वर्षामागून वर्ष सरांची सही, तारखेसकट. त्या प्रती घेऊन गेल्यावर मात्र संस्थेनं निमूट साल घालून पत्र दिलं.

फुटबॉलच्या कोचला हे जास्तच जड जातं असं माझं ठाम मत आहे. पुरस्कार खेळाडूंच्या कामगिरीवर ठरतात आणि आपल्याकडं फुटबॉलमधलं आशियाई स्पर्धेचं शेवटचं पदक 1970 चं. 1962 ला जकार्तात सुवर्ण जिंकून देणारे भारतीय टीमचे कोच रहीम साहेब 1963 लाच वारले, केंद्र सरकारचा कोच लोकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला 1985 ला. त्या यादीत फुटबॉलची नावं शोधावी लागतात, 1990 ला नईमुद्दीन, मग थेट 2022 चे आपल्या मुंबईच्या एअर इंडियाचे बिमल घोष, आणि 2024 चे गोव्याचे आर्मांडो कोलासो, ज्यांनी तिथल्या धेंपो क्लबला पाच वेळा देशाची लीग जिंकून दिली. शिवाय पोरगं चांगलं निघालं की सरकारी क्रीडा प्रबोधिनीत नाहीतर मोठ्या क्लबात जातं, तिथनं पुढं त्याच्या नावापुढं दुसऱ्याच कोचचं नाव लागतं. पहिला कोच कागदावर कुठंच नसतो.

म्हणून जे खेळाडू पुढं गेलेत त्यांच्याकडून आत्ताच सही करून लिहून घ्या की अमुक सालापासून अमुक सालापर्यंत यांच्याकडं शिकलो. आमचा एक पोरगा परगावी नोकरीला, त्यानं एका फोनवर कुरिअरनं पाठवलं. आणि अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय खिडकीवरनं हलू नका, आवक नंबर आणि तारीख त्याच्यावर टाकून घ्या. आमची पोच मी लॅमिनेट करून सरांच्या घरी दिलीय, निकाल कधी लागायचा तो लागू दे.