दशमीचा महालय आणि टोकियोतला पाचवा

बाबांची तिथी दशमी. त्यांचा महालय काकाच करतो, नागपुरात, धरमपेठेतल्या जुन्या घरी. मी एकुलती एक मुलगी, नाशिकला राहते, आणि दर भाद्रपदात विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढते. २०२५ साली ती दशमी १६ सप्टेंबरला आली. त्याच संध्याकाळी टोकियोत जागतिक मैदानी स्पर्धेतल्या पुरुषांच्या ११० मीटर अडथळा शर्यतीची अंतिम फेरी होती. काकाने फोनवर ते आधी सांगितलं, भटजी किती वाजता येणार ते नंतर.

नाशिकरोडला रात्री गाडीत बसले, जाग आली तेव्हा बडनेरा मागे पडलं होतं. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, मधे तुरीच्या ओळी, सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं. वर्ध्याला चहा घेतला. इथून पुढे मला दरवर्षी बाबांची आठवण दाटून येते, कारण शेवटच्या त्या पट्ट्यात ते कधीच बसायचे नाहीत. दाराशी उभे राहून नागपूर येईपर्यंत बाहेर बघत राहायचे.

काका स्टेशनवर होता. त्र्याहत्तर वर्षांचा, पांढरा बुशशर्ट, हातात छत्री. "आली का बाई? चल, आधी पोहे खाऊ." स्टेशनबाहेर उभ्या उभ्या तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा तो लालभडक रस्सा पडला की सकाळी सकाळी नाकातून पाणी येतं, आणि मग कुठे नागपुरात आल्यासारखं वाटतं.

घरी जायला मेट्रो सोयीची आहे, स्टेशनपासून शंकरनगरपर्यंत एकच गाडी. पण काका मधेच सीताबर्डीला उतरला. बाबांचं मॉरिस कॉलेज तिथून जवळ. पाटीवर आता वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था असं लांबलचक नाव आहे, पण ऑटोवाल्याला मॉरिस कॉलेजच सांगावं लागतं. आम्ही आत गेलो नाही. फाटकापाशी थोडं थांबलो, मग झिरो माइलपर्यंत चालत गेलो. इंग्रजांच्या सर्वेक्षणाचा हा स्तंभ आणि त्याच्या शेजारी पुढचे पाय उचललेले चार घोडे. लहानपणी बाबा मला त्यातला एक घोडा दाखवायचे आणि म्हणायचे, "बघ, याचा पुढचा पाय बरोबर आहे." तेव्हा मला कळायचं नाही.

बाबा हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, पळायचे. नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत १९६३ ते १९६५ अशी तीन वर्षं. ट्रॅक मातीचा, त्यावर चुन्याच्या रेघा, आणि हर्डल सुताराकडून करून घेतलेले, सागवानी. त्यांच्या दोन्ही नडग्यांवर शेवटपर्यंत काळे डाग होते. त्यांना अंतरं यार्डांतच पाठ होती: पहिल्या अडथळ्यापर्यंत पंधरा यार्ड, मग दहा-दहा. ही शर्यत मुळात १२० यार्डांची. ती ११० मीटरची झाली, तरी अडथळे जिथल्या तिथे राहिले. म्हणून आजही पहिला अडथळा १३.७२ मीटरवर असतो आणि पुढचे ९.१४ मीटरच्या अंतराने. उंची साडेतीन फूट, म्हणजे १०६.७ सेंटिमीटर. दोन अडथळ्यांच्या मधे तीन पावलं. चौथं बसत नाही आणि दोनांत पोचता येत नाही. बाबा म्हणायचे, या तीन पावलांत माणूस उघडा पडतो.

त्यांची सगळ्यात चांगली वेळ हातातल्या घड्याळावर १५.८ सेकंद. विद्यापीठाच्या पुढे ते गेले नाहीत. पण १८ ऑक्टोबर १९६४ ही तारीख आमच्या घरात सणासारखी होती. त्या दिवशी टोकियो ऑलिंपिकमध्ये गुरबचनसिंग रंधावा ११० मीटर हर्डल्सच्या अंतिम फेरीत धावले आणि पाचवे आले. वेळ साधारण १४ सेकंद. सुवर्ण अमेरिकेच्या हेस जोन्सने घेतलं. रंधावांनी दोनच वर्षं आधी जकार्ता आशियाई स्पर्धेत दहा प्रकारांची डेकॅथलॉन जिंकली होती, आणि टोकियोत उद्घाटनाच्या संचलनात आपला झेंडा त्यांच्याच हातात होता. ते ऑलिंपिक मातीच्या ट्रॅकवरचं शेवटचं. पुढच्या खेपेला, १९६८ ला मेक्सिकोत, कृत्रिम ट्रॅक आला. बाबांना या गोष्टीचं फार होतं. रंधावा आपल्यासारख्याच मातीवर पाचवे आले, असं ते म्हणायचे.

पेपरातलं ते कात्रण त्यांच्या एका वहीत चिकटवलेलं आहे. वही काकाकडे असते.

मी नागपुरात पोचले त्या दिवशी, १५ सप्टेंबरला, दुपारी चहाच्या वेळी प्राथमिक फेरी होती आणि तीत आपला तेजस शिरसे होता. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या देवगाव रंगारीचा मुलगा. मे २०२४ मध्ये फिनलंडमध्ये १३.४१ सेकंदांत धावून त्याने सिद्धांत थिंगलायाचा १३.४८ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. आधीचा विक्रमवीर मुंबईचा, आताचा मराठवाड्याचा. काका आणि मी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसलो. काकू स्वयंपाकघरातून दर मिनिटाला विचारत होती, "झालं का सुरू?" तेजस पहिल्या फेरीपुढे गेला नाही. काका थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चल, मानकापूरला जाऊन येऊ."

मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल शहराच्या उत्तर अंगाला, कोराडी रस्त्यावर. धरमपेठेतून ऑटोनेच जावं लागतं. पावसाची एक सर येऊन गेली होती, ट्रॅक ओला लाल चमकत होता. एका बाजूला सात-आठ मुलं हर्डल्सचा सराव करत होती. वयाने लहान, म्हणून अडथळे ९१.४ सेंटिमीटरवर लावलेले. सर मैदानाच्या मधोमध उभे, गळ्यात शिटी. एक उंच पोरगा दर अडथळ्यावर हरणासारखा उडत होता, दिसायला सुरेख. सर ओरडले, "उडी काऊन मारून राहिला बे? पळ ना!"

काका हसला. "तुझ्या बापाले हेच सांगत होते सर."

हर्डल्सबद्दल बाहेरून बघणाऱ्याची हीच चूक होते. उडी जितकी उंच, तितका वेळ हवेत, आणि हवेत माणसाचा वेग वाढत नाही. डोकं शर्यतभर एकाच पातळीत दिसलं पाहिजे. पुढचा पाय अडथळ्यावरून नुसता सरकतो आणि लगेच जमीन शोधतो. मागचा पाय गुडघ्यात मोडून बाजूने फिरवून आणायचा असतो. अडथळ्याला धक्का लागला तर तो पुढे पडतो, कारण त्याचे पाय धावणाऱ्याच्या बाजूला असतात. चुकून पाडल्याबद्दल कुणी बाद होत नाही, पण लय जाते. ती एकदा गेली की पुढच्या नऊ मीटरांत सापडेलच असं नाही.

मुलं धावून गेली की चार-पाच हर्डल आडवे पडलेले असायचे. आठवी-नववीतली एक मुलगी पळत जाऊन ते उभे करायची, पावलाने अंतर मोजायची, मागे सरायची. काका तिच्याकडेच बघत होता. १९६४ साली तो बारा वर्षांचा होता. बाबा पहाटे सरावाला जायचे तेव्हा पडलेले हर्डल उचलून ठेवणं त्याचं काम. सागवानी हर्डल, बारा वर्षांचं पोर. दहा हर्डल, दहा-बारा खेपा. हे मला बाबांनी कधी सांगितलं नव्हतं.

"दादा धावायचा तर मी त्याच्याकडे बघतच नव्हतो," काका म्हणाला. "कोणता पडते तेवढंच बघत होतो. आवाजावरून समजे मले. तिसरा पडला, सातवा पडला."

मग तो कठड्याच्या आत गेला. मुलीला काही तरी विचारलं, तिने मान हलवली. एक हर्डल आडवा होता, तो काकाने दोन्ही हातांनी उचलून रेघेवर ठेवला. परत येताना तो धापा टाकत होता. "हलका आहे गं एकदम," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी महालय झाला. काकूने पहाटेपासून रांधलं होतं: तांदळाची खीर, वडे, अळूची भाजी, कढी, आमसुलाची चटणी. गच्चीवर पान ठेवलं. कावळा पहिल्या हाकेला आला नाही. काकाने हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, संध्याकाळी फायनल आहे. बघतो आम्ही." मग आला. मी यावर काही बोलणार नाही. जे झालं ते सांगितलं.

संध्याकाळी आधी उपांत्य फेऱ्या. ग्रँट हॉलोवे, २०१९, २०२२ आणि २०२३ असा सलग तीन वेळा जगज्जेता, पॅरिसचा ऑलिंपिक विजेता, उपांत्य फेरीतच गेला. काकाने कपाळाला हात लावला. या शर्यतीत कुणाचंच नाणं कायमचं नसतं.

सातच्या सुमारास अंतिम फेरी. हे स्टेडियम नवं, २०१९ मध्ये पुरं झालेलं, पण जागा तीच. १९६४ चं स्टेडियम पाडून त्याच ठिकाणी ते बांधलं. म्हणजे रंधावा जिथे पाचवे आले, तिथेच हे आठ जण उभे होते. काकाने हे दोनदा बोलून दाखवलं. स्टेडियममधला सगळा आवाज एका माणसासाठी होता: जपानचा राशिद मुराताके. महिनाभरापूर्वी, ऑगस्टमध्ये, तो फुकुईला १२.९२ सेकंदांत धावला होता. आशियात त्याहून वेगवान फक्त चीनचा लिऊ शियांग, १२.८८. पॅरिसलाही मुराताके अंतिम फेरीत होता, तिथे पाचवा आला होता. या वेळी घरचं मैदान.

शर्यत तेरा सेकंदांची. बंदुकीचा आवाज, आठ डोकी एका रेषेत, मग पाचव्या-सहाव्या अडथळ्यापासून ती रेषा तुटायला लागते. अमेरिकेचा कॉर्डेल टिंच सुटला तो सुटलाच. काही वर्षांपूर्वी हा मुलगा खेळ सोडून मोबाइलच्या दुकानात काम करत होता. वेळ १२.९९. मागे जमैकाचे दोघे, ऑर्लँडो बेनेट १३.०८, टायलर मेसन १३.१२. मी टाळी वाजवली. काका पडद्याच्या जवळ सरकला.

"पाचवा कोण?"

निकाल वर सरकेपर्यंत मीही श्वास धरून बसले. मुराताके. १३.१८. पदक सहा शतांश सेकंदांनी हुकलं.

नंतर मुलाखतीत तो रडला. जपानी आम्हाला कळत नव्हतं, पण मोठा, रुंद खांद्यांचा माणूस तोंडावर हात धरून थांबला की भाषेची गरज पडत नाही. काय कमी पडलं, असं तो म्हणत होता, हे मी नंतर वाचलं. काकूने दिवा लावला आणि आमच्याजवळ येऊन बसली. "कोणाचा आहे गं तो पोरगा?" तिने विचारलं. तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई बघत असेल ना त्याची."

रात्री पाटवडीचा रस्सा होता. जेवताना कुणी फारसं बोललं नाही.

सकाळी निघायच्या आधी काकाने कपाटातून वही काढली. कात्रण पार पिवळं पडलंय, कडा सुटल्यात. त्याखाली बाबांच्या अक्षरात शाईने लिहिलेलं: रंधावा, टोकियो, ५ वा. काकाने खिशातलं बॉलपेन काढलं, चष्मा चढवला, आणि मला म्हणाला, "स्पेलिंग सांग. मु-रा-ता-के ना?"

मी सांगितलं. त्याने बाबांच्या ओळीखाली सावकाश लिहिलं: मुराताके, टोकियो, ५ वा, १३.१८. मग वही माझ्या हातात दिली.

"आता तुझ्याकडे ठेव," काका म्हणाला. "तेजसचं काही आलं तर लिहून ठेवजो."