वाती वळताना

म्हातारपणी कसला आलाय ताण, असं पन्नाशीच्या आतल्या माणसांना मनापासून वाटतं. ऑफिस संपलं, मुलांची लग्नं झाली, कर्ज फिटलं. पण या वयातला ताण बराचसा वाट बघण्याचा असतो. रक्ताच्या रिपोर्टची वाट, मोतीबिंदूच्या तारखेची वाट, परदेशातल्या मुलाच्या रविवारच्या फोनची वाट. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची धावपळ. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करायचं आणि नेमका यंत्रावर ठेवलेला अंगठा उमटत नाही, कारण आयुष्यभर भांडी घासून रेषाच झिजलेल्या. "काकू, हात पुसून परत ठेवा." काकू परत ठेवतात. रांग मागे चुळबुळत असते. मग त्या रात्री तीनला जाग येते आणि पंख्याकडे बघत पहाट होते.

डॉक्टर रक्तदाबाची गोळी लिहून देतात आणि वर सांगतात, "टेन्शन घेऊ नका." हे कसं करायचं ते चिठ्ठीवर नसतं.

आमच्या मावशीचं वय अठ्ठ्याहत्तर. डोंबिवलीत राहते. तिथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये दर शनिवारी ध्यानाचा वर्ग भरतो, तिथे ती नेमानं जाते. शिकवणारी मुलगी गोड आहे. मांडीचा आग्रह धरत नाही, कारण वर्गातले निम्मे गुडघे बदललेले आहेत. सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतात, पाय जमिनीला टेकवून. मुलगी सांगते, "काका-काकू, डोळे मिटा. विचार आले तर येऊ द्या. आकाशातून ढग जातात ना, तसे जाऊ द्या." मावशी घरी येऊन म्हणाली, "ढग म्हटलं की मला गच्चीवर घातलेले पापड आठवतात. मग कसलं ध्यान? कधी एकदा घरी जाते असं होतं."

तीच मावशी संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी कापसाचा डबा घेऊन बसते, तेव्हा बघत राहावं. कापसाचा लहानसा पुंजका घ्यायचा, त्यात सरकीची कणी राहिली असेल तर वेचून टाकायची, बोटांनी पसरायचा, कडा वर जमवायच्या, दुधाचं बोट लावून चिमटीत शेंडा वळायचा. झाली फुलवात. ती ताटलीत, पुढचा पुंजका हातात. सुनेशी झालेली कुरबुर, पाठीची उसण, सोसायटीच्या लिफ्टचं भांडण, सगळं मनात येतच असणार. पण आलेल्या पाहुण्याला हातातलं काम न सोडता "बस हो" म्हणावं, तसं ती त्या विचारांना बसवून ठेवते. घटकाभरानं चेहरा सैलावतो. खांदे उतरतात. श्वास इतका संथ होतो की मला शेजारी बसून ऐकू येतो.

हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन या डॉक्टरांनी 1970 च्या दशकात ध्यानाची झाडाझडती घेतली आणि त्यातलं धर्माचं, गुरूचं, उदबत्तीचं सगळं बाजूला काढल्यावर त्यांच्या हाती दोनच गोष्टी राहिल्या. एक शब्द, प्रार्थना किंवा शरीराची एखादी हालचाल पुन्हा पुन्हा करत राहणं. आणि मध्ये विचार आले तर त्यांच्या मागे न लागता परत तिथेच येणं. एवढं केलं की नाडी मंदावते, स्नायू सैल होतात, श्वास उतरतो. मावशीला मी हे सांगितलं. "यासाठी अमेरिकेत जायला लागलं होय," म्हणाली, आणि पुढचा पुंजका घेतला.

इटलीत लुचानो बेर्नार्दी या संशोधकांनी 2001 साली आणखी एक गंमत मोजून दाखवली. ख्रिस्ती माळेवरची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा तिबेटी मंत्र, दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो. एरवी आपण बारा-पंधरा घेतो. सहाच्या लयीत श्वास आणि रक्तदाबाची आपोआप होणारी चढउतार यांचा मेळ बसतो, आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर होते. दोन धर्म, दोन भाषा, लय एक. आमच्याकडे संध्याकाळी हरिपाठ म्हणणाऱ्यांच्या छातीला कुणी यंत्र लावलंय का, मला माहीत नाही. पण चरण संपेपर्यंत श्वास पुरवायचा आणि मग पुढचा घ्यायचा, ही कसरत आजोबांना करताना मी ऐकलेली आहे.

आणि इतकं लांब जायलाही नको. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन करायला लावलं, त्याचा निबंध 1969 साली प्रसिद्ध झाला. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला, काहींच्या गोळ्याही कमी करता आल्या. त्या कमी केल्या डॉक्टरांनी, हे मुद्दाम सांगते. कारण आमच्या इमारतीतल्या एका काकांनी चार दिवस अनुलोम-विलोम करून स्वतःच गोळी बंद केली होती आणि पाचव्या दिवशी चक्कर येऊन जिन्यात बसले.

शवासनाची खरी अडचण मात्र वेगळीच. म्हातारी माणसं त्यात झोपतात. शनिवारच्या वर्गात सतरंजीवर आडवं केलं की पाच मिनिटांत दोन घोरणी सुरू होतात. शिकवणारी मुलगी हळूच जाऊन खांद्याला हात लावते. मला विचाराल तर लावू नये. रात्रभर ज्यांचा डोळा लागत नाही, त्यांना दुपारी साडेचारला हॉलमध्ये झोप मिळाली तर त्या वर्गाची फी वसूल झाली.

वातींचं मी फार कौतुक करतेय असं वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगते. लाख वातींचा नेम करणाऱ्या बायका पूर्वी घरोघर होत्या. एका वर्षात लाख पुरे करायचे तर रोज पावणेतीनशे वाती, चातुर्मासातच उरकायचं म्हटलं तर रोज आठशेच्या वर. यात शांती कमी आणि हिशेब जास्त. शेजारणीचे साठ हजार झाले नि माझे चाळीसच, ही चुटपुट मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकलीय. शिवाय वाड्यातल्या विधवा आत्याला कापसाचा करंडा देऊन कोपऱ्यात बसवायची रीत होती, तिला कुणी 'मन रमतंय का' असं विचारलं नव्हतं. मावशी वळते ती स्वतःच्या मर्जीनं, टीव्ही बंद करून, कंटाळा आला की डबा मिटून. हा फरक मला फार मोठा वाटतो.

पुरुषांचं काय, हा प्रश्न राहतोच. त्या पिढीतल्या बायकांच्या हातांना निवृत्ती नव्हती. निवडणं, सोलणं, विणणं चालूच राहिलं. पुरुषांचे हात अठ्ठावन्नाव्या वर्षी एकदम मोकळे झाले आणि त्यात मोबाइल आला. सकाळपासून आलेले निरोप पुढे ढकलायचे. हालचाल तीही पुन्हा पुन्हा होणारीच, पण तिनं कुणाचा रक्तदाब उतरल्याचं ऐकिवात नाही. वर्गातले एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका मावशीच्या वातींची चेष्टा करायचे. तिनं एकदा त्यांच्यापुढे डबा सरकवला. त्यांनी वळलेली पहिली वात पाहून सगळा हॉल हसला. ती मशालीला चालली असती. आता ते येतात तेच घरून देवकापूस पिंजून. झाड त्यांच्या गॅलरीत आहे, इतकी वर्षं त्याची बोंडं नुसती वाऱ्यावर उडत होती.

हे बघून शिकवणाऱ्या मुलीनं नवा नियम केला. ज्यांना नुसतं डोळे मिटून जमत नाही, त्यांनी हाताला आवाज न करणारं काम आणलं तरी चालेल. गेल्या शनिवारी दोन जपमाळा आल्या, एक क्रोशाची सुई आली, आणि मागच्या रांगेतल्या काकूंनी विचारलं, लसूण सोलायला आणला तर चालेल का. आवाज होत नाही, हा त्यांचा मुद्दा. मुलीनं अजून उत्तर दिलेलं नाही.